बावीस घरं, एक आकडा

सोमवारी दुपारी इंदूबाईंच्या लघवीचा आकडा आला, सात पॉइंट चार, आणि माझं डोकं जे फिरलं ते आठवडाभर जागेवर आलं नाही.

आकडा समजायला थोडं सांगावं लागेल. आमच्या भागातल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दात पिवळे-तपकिरी होतात, मग हाडं जाड आणि ताठ होतात. माणसाला वाकता येत नाही, मान खाली घालून स्वतःचं पोट पाहता येत नाही. यावर नेमकं असं औषध नाही. पाणी बदलायचं, आणि तेही पाय लुळे पडायच्या आत. कोणत्या गावाचं पाणी बदलायचं हे ठरवायला मुकुटबनच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यानं चौदा गावांचा अभ्यास घेतला होता. ज्या गावाच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड, ते गाव यादीत. यादीतल्या गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र, तिथल्या रोग्यांचे एक्स-रे, डॉक्टरांची दर महिन्याला फेरी. यादीबाहेरच्या गावाला राम राम. ही यादी शनिवारी नागपूरला जायची होती.

हे सगळं मोजणारी मी. गझाला, मूळची नेरची, दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसणारी लॅब टेक्निशियन. राग नाकावर, पण हात स्थिर. माझ्या आकड्यावर डॉक्टर निशिगंधा डोळे मिटून सही करतात, आणि त्याचा मला माज होता, कशाला लपवा.

इंदूबाई बोरटेकच्या. बोरटेक आमच्यापासून दहा किलोमीटर. तिथल्या बावीस घरांतलं पाणी ऑक्टोबरात मीच जाऊन आणलं होतं आणि मीच मोजलं होतं. शून्य पॉइंट सहा. चांगलं, गोड, पिण्याजोगं पाणी. त्यामुळे बोरटेक यादीबाहेर पडलं होतं आणि त्याबरोबर इंदूबाईही. त्यांच्या पाठीला 'इतर कारणाने दुखणे' असं नाव मिळालं होतं. तेव्हा घेतलेली त्यांची लघवीची बाटली फ्रीजमध्ये शिल्लक होती म्हणून मी मोजली, नाहीतर तीही फेकलीच जाणार होती.

पाण्यात सहा दशांश आणि लघवीत सात. साध्या माणसाचं एकच्या आसपास असतं. जे आत गेलंच नाही ते बाहेर कुठून आलं?

मी इलेक्ट्रोड धुतला. तो पेनासारखा असतो, पाण्यात बुडवला की फ्लोराइडपुरतं बोलतो. माहीत असलेल्या ताकदीची तीन द्रावणं घेऊन त्याची परीक्षा घेतली, पास झाला. बाटली पुन्हा मोजली. सात पॉइंट तीन. नमुन्यात मिसळायचं बफर द्रावण बदललं, नवीन प्लॅस्टिकचा पेला घेतला, पुन्हा मोजली. सात पॉइंट चार. खुर्चीवरून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. बाहेर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि कुणीतरी हॉर्न वाजवतच होतं. एरवी मी ओरडले असते, पण तेवढंही लक्ष नव्हतं.

मंगळवारी डॉक्टरांना सांगितलं. निशिगंधा मॅडम हुशार बाई आहेत, पण त्यांचा नियमांवर फार जीव. पाणी नळाचं किंवा बोअरचं घ्यायचं नाही, घरातल्या पिण्याच्या भांड्यातलंच घ्यायचं, हा नियम त्यांचाच. माणूस नळ पीत नाही, भांड्यातलं पितो, असं त्या प्रत्येक बैठकीत सांगायच्या. आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

"चहा किती पितात त्या?" त्यांनी विचारलं. "कोऱ्या चहात फ्लोराइड असतं. काळं मीठ खातात का? सुपारी?"

"सातपर्यंत जाईल का चहानं?"

"एका बाईच्या लघवीवर गाव यादीत येत नाही, गझाला. पाण्याचे बावीस नमुने आहेत, बावीसही तू घेतलेस. तुझ्या आकड्यावर माझा विश्वास आहे."

हे वाक्य एरवी मी आठवडाभर मिरवलं असतं. त्या दिवशी ते ऐकून मी तडक उठले. मी खोलीत येऊन रजिस्टर उघडलं. बावीस ओळी. शून्य पॉइंट सहा, शून्य पॉइंट सहा, शून्य पॉइंट पाच नऊ, शून्य पॉइंट सहा. ऑक्टोबरात मला वाटलं होतं, काय सुंदर मोजलंय. आता वाटलं, बावीस घरांच्या भाज्या एका चवीच्या होत नाहीत, पाणी कसं झालं?

संध्याकाळी अब्बांचा फोन आला. अब्दुल गनी, नेरला मोटारी रिवाइंड करतात, शेतातल्या पाणी ओढायच्या. माझा आवाज ऐकून त्यांनी कारण विचारलं आणि मी सगळं सांगितलं, मशीन कसं बरोबर आहे ते दोनदा सांगितलं.

"मशीन बराबर असल बेटा," ते म्हणाले. "तू लावलं कुठं ते सांग. माह्याकडे रोज लोक येते, म्हणते मोटर जळाली. मोटर चांगली राह्यते, वायरच दुसऱ्या खांबाले लावेल असते."

मी फोन ठेवला आणि जे आठवायचं नव्हतं तेच आठवलं.

ऑक्टोबरात बोरटेकला पहिलंच घर इंदूबाईंचं होतं. दारात मी नाव सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. त्यांनी बसायला सतरंजी टाकली. पन्नाशीही न गाठलेली बाई, पण सतरंजी टाकताना कमरेतून वाकली नाही. दोन्ही गुडघे टेकून खाली गेली आणि भिंतीला धरून वर आली. मग पाणी आणायला वळली. माठ तिथंच होता, हाताशी. त्यांचे मालक सदाशिवराव नुकतेच त्यातलं पाणी पिऊन पेला पालथा घालत होते. इंदूबाई माठाला ओलांडून गेल्या, ताठ पाठीनं पाच पावलं जास्त चालत कोपऱ्यातल्या स्टुलावरच्या पितळी गुंडीपर्यंत. फळीवरून वेगळा पेला काढला आणि मला त्यातलं पाणी दिलं.

मी समजले. मला वाटलं, मी समजले. अमरावतीला शिकत असताना एका मैत्रिणीच्या घरी माझा कप खिडकीत पालथा ठेवलेला असायचा, धुतलेला, वेगळा. ती मैत्रीण गोड होती आणि तिची आईही गोड होती. तेव्हापासून वेगळं भांडं मला शंभर पावलांवरून दिसतं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडानं मी हसले. पाणी प्यायले. नियम होता, घरचे ज्यातून पितात त्या भांड्यातलं घ्या. विचारायला हवं होतं, कोणत्या भांड्यातून पिता? ते विचारायचं म्हणजे मला वेगळ्यातलं का दिलं हे विचारणं झालं असतं, आणि त्याचं उत्तर मला ऐकायचं नव्हतं. मी बाटली पुढं केली आणि म्हणाले, "ह्याच गुंडीतलं द्या." मला ज्यातून पाजलं त्यातलंच नेते, बघा. पाणी काय, एकच असणार. भांडं तेवढं वेगळं.

पुढच्या एकवीस घरांतही गुंडीच पुढं आली. अख्खं गाव असलंच आहे म्हणून मी ओठ आवळून बाटल्या भरत गेले आणि रजिस्टरमध्ये बावीस वेळा लिहिलं, 'पिण्याचे भांडे'.

बुधवारी सकाळी स्कूटी काढली आणि बोरटेक गाठलं. इंदूबाई घरी नव्हत्या. सदाशिवराव अंगणात मोटरसायकल पुसत होते, मागं दोन रिकामे कॅन दोरीनं बांधलेले. "वावरात हाय ते, वेचाले गेली," ते म्हणाले आणि मला बसायला सांगून बोलवायला गेले. पण बसवेना. मी त्यांच्या मागंच गेले.

इंदूबाई कापूस वेचत होत्या. बाकीच्या बाया वाकून झपाझप ओळी संपवत पुढं गेलेल्या, आणि ह्या एकट्या मागं. उंच झाडांची बोंडं उभ्यानं वेचायच्या आणि खालच्यांसाठी बसून, बूड घासत झाडाझाडानं सरकायच्या. लुगड्याची मागची बाजू मातीनं भरलेली. मला पाहून मान वळवायची म्हणून त्या अख्ख्या वळल्या.

"बापा, तुमी? ह्या उन्हात कायले आल्या पोरी?"

"पाय कसे आहेत मावशी?"

"हायेत अजून," त्या म्हणाल्या. "डावा थोडा झोपते. सकाऊन चप्पल घातली का नाई घातली ते समजत नाई."

हे त्यांनी हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. पायाची जाणीव जाते म्हणजे हाड आतल्या नसांना दाबायला लागलंय, हे मॅडमकडून ऐकून मला पाठ होतं. त्यानंतर काठी, त्यानंतर खाट. माझ्या सहा दशांशामुळे ही बाई खाटेवर जाणार, एवढंच त्या ओळीत उभं राहून मला कळत होतं.

घरी आलो. इंदूबाई भिंतीला धरत आत गेल्या, पुन्हा माठ ओलांडला, पुन्हा गुंडीकडं.

"मावशी, मला माठातलं द्या."

"ते नको."

"मला माठातलंच पाहिजे."

"नको म्हणून राह्यली न पोरी. हे घे."

मग माझा तोल गेला. नेरची बोली मी नोकरीत सहसा बाहेर काढत नाही, ती आपसूक आली. "काहून नको? माह्या पेल्यानं माठ बाटते का तुमचा?"

इंदूबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यांना काही समजलंच नव्हतं. समजलं ते सदाशिवरावांना, आणि ते उंबऱ्यावर बसले.

"काय बोलून राह्यल्या तुमी," ते हळू म्हणाले. "त्या माठात बोअरचं पाणी हाय. मचूळ. आमाले सवय झाली. पाव्हण्याले कोणी ते देते का?"

"आणि गुंडीत?"

"गुंडीत आमच्या वावरातल्या हिरीचं. ह्याच गाडीवर दोन कॅन आणतो मी रोज. साऱ्या गावाले तेच पुरवतो, लोटाभर, गुंडभर. देवाले अन् पाव्हण्याले."

"आणि तुम्ही स्वतः?"

"तेवढं पाणी कुठं हाय हिरीत? उन्हाळ्यात तं बूड दिसते. घरच्यायले बोअरचं."

इंदूबाईंनी आता पेला माझ्या हातात दिला. "मागच्या टायमाले तुमी बाटलीत नेल्लं न गुंडीतलं," त्या म्हणाल्या, "तवा मले लय बरं वाटलं होतं. म्हनलं, डॉक्टरीणबाईले आवडलं आपलं पाणी."

मी ते पाणी प्यायले. पेल्याच्या तळाचा घोटही सोडला नाही. बावीस घरांनी मला त्यांच्या घरातलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं होतं, आणि मी ते अपमान समजून पिऊन, मोजून, त्यावर शिक्का मारून आले होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात; इथं कळसा त्यांनी माझ्या हातात दिला होता आणि तरी मी वळसा घातला. माफी मागायची होती, पण कशाची मागतेय हे सांगायला सगळं सांगावं लागलं असतं. मी पिशवीतून बाटली काढली आणि माठाखाली धरली. इंदूबाईंना ते पाहवत नव्हतं. त्या दुसरीकडं बघत राहिल्या.

दुपारी खोलीत पोचल्यावर पाणी मोजलं. पाच पॉइंट एक. पुन्हा, पाच पॉइंट एक. तिसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं, कारण त्यानंतर उठून मॅडमच्या खोलीत जायचं होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. नमुना चुकीच्या भांड्यातला, हे सांगणं सोपं होतं. का, हे सांगताना शब्द अडले. अमरावतीचा कप सांगितला. गुंडी सांगितली. विचारलं नाही, हे सांगितलं.

मॅडमनी हातातलं पेन मिटलं. "विचारायचं नियमात लिहायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. मग लगेच, आवाज चढवून, "पण तुला तोंड नव्हतं का? चौदा गावांत तू एकटी मोजतेस. बाकीच्या तेरा गावांत काय केलंस?"

"तिथं माठातलं मिळालं."

"म्हणजे तिथं तुझा मान कोणी ठेवला नाही, म्हणून आकडे बरोबर आले," त्या म्हणाल्या. हे त्यांनी टोचायला म्हटलं की कसं, मला अजून कळलेलं नाही. लागलं मात्र. "एक घर म्हणजे गाव नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत बावीस घरं पुन्हा. नाहीतर यादी आहे तशी जाईल, मी थांबवू शकत नाही."

गुरुवारी गाव बाहेरगावच्या लग्नाला गेलेलं आणि घरांना कुलपं. मी बोरटेकच्या रस्त्यावर दोन चकरा मारून परत आले. शुक्रवारी उजाडता उजाडता पुन्हा गेले. वेचायला निघायच्या आत घरं गाठायची होती. दारोदार एकच सांगायचं, "मला पाहुणी समजू नका, तुमच्या माठातलं द्या." ऐकायला सोपं वाटतं. पण बाया लाजल्या, कुणी पदर तोंडाला लावला, कुणी आत जाऊन माठातलं म्हणून गुंडीतलंच भरून आणलं. ते मी ओळखलं, कारण बाहेरून पितळेचं झाकण वाजलेलं ऐकू आलं. हंसाबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी तर भांडायलाच उठल्या. "गावाची अब्रू बाटलीत भरून नेतं काय," म्हणाल्या. तेव्हा इंदूबाई मागून आल्या, दोन्ही हात कमरेवर, आणि आजींच्या माठाशी भिंत धरून गुडघ्यावर बसून त्यांनीच बाटली भरली. हंसाबाईंनी माठाचं झाकण स्वतःच लावलं. पुढच्या अकरा घरांत इंदूबाई माझ्याबरोबर चालल्या, डावा पाय जरा ओढत, आणि वेचणीची अर्धी सकाळ त्यात गेली.

दुपारी एकला मोजून झालं. चार पॉइंट तीनपासून पाच पॉइंट सहापर्यंत, बावीस घरांचे बावीस वेगळे आकडे. कुणाचा माठ जुना, कुणी बोअरच्या पाण्यात थोडं दुसरं मिसळलेलं. इतके वेडेवाकडे आकडे पाहून मला पहिल्यांदा श्वास आला.

मॅडमनी ऑक्टोबरचं रजिस्टर पुढं केलं. खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ, बाजूला सही, आणि शेवटच्या रकान्यात कारण. मी बावीस रेघा मारल्या, बावीस सह्या केल्या. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. मॅडम म्हणाल्या, "लिही." मी लिहिलं, 'नमुना पाहुण्यांच्या भांड्यातला. विचारले नाही.' बावीस वेळा लिहिलं. मॅडम म्हणाल्या होत्या एकदा लिहून खाली खुणा कर, पण मी केल्या नाहीत.

बोरटेक यादीत गेलं. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण तासभरच. यंत्र बसायला सात-आठ महिने लागणार. डावा पाय सात-आठ महिने थांबणार होता का? मॅडमनी एक्स-रेची तारीख लवकरची दिली आणि मला सांगितलं, तोवर त्या बाईंना बोअरचं एक थेंबही नको. विहिरीचंच प्यायला सांग, स्वयंपाकही त्यातच.

रविवारी सुट्टी होती, तरी गेले. इंदूबाई ओसरीवर सरकी वेगळी करत बसल्या होत्या. मी माठावर झाकण ठेवून ते हातानं दाबून धरलं आणि सांगितलं, आजपासून हा बंद. गुंडीतलं तुम्ही प्यायचं. सदाशिवरावांनाही सांगितलं, दोन कॅन आधी ह्यांचे, मग देव, मग गाव. ते मान हलवत होते. इंदूबाई ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष स्टुलावरच्या गुंडीकडं होतं.

"अन् पाव्हणा आला तं?" त्यांनी विचारलं. "त्याले काय देऊ?"

"बोअरचं द्या. एका पेल्यानं काही होत नाही कुणाला."

"पाव्हण्याले?"

"मला द्या. मी आले की मला माठातलं द्या मावशी. मी पिते."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की ऑक्टोबरात मी त्यांच्याबद्दल जे समजले होते त्यातलं काहीच खरं नव्हतं हे मला पुन्हा एकदा कळलं. मग भिंतीला धरून उठल्या. माझा हात माठाच्या झाकणावर होता, तो त्यांनी बाजूला केला नाही, त्या माठाकडं गेल्याच नाहीत. पाच पावलं चालून गुंडीतून पेला भरला आणि आणून माझ्यापुढं धरला.

"हे तू घे," त्या म्हणाल्या. "माह्यं उद्यापासून पाहू."

मी पेला घेतला आणि त्यांच्यासमोर धरून ठेवला. दोघींपैकी कोणीच प्यायलं नाही. सदाशिवराव उठले, मोटरसायकलवरचे दोन्ही कॅन सोडले, आणि तिसरा कॅन शोधायला शेजारच्या घरी गेले.